डीपीआय वाढवून नेम सुधारत नाही

गेमिंग माऊस घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या कानावर चार गोष्टी हमखास येतात. डीपीआय, म्हणजे माऊस आपली हालचाल किती बारीक मोजतो तो आकडा, जितका जास्त तितका नेम अचूक, म्हणून 26,000 च्या आसपासचा माऊस घ्या. पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो तो दर, 8000 हर्ट्झ नसेल तर तुम्ही मागे पडाल. एखाद्या नावाजलेल्या खेळाडूची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊसच्या हालचालीला गेम किती प्रतिसाद देतो ती सेटिंग, उचला आणि तशीच टाका. आणि गंभीरपणे खेळायचं तर वायरलेस नकोच. दहावी-बारावीतली मुलं या सल्ल्यावर विसंबून घरच्यांकडून पाच-सात हजार रुपये मागतात. म्हणून यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

सुरुवात डीपीआयपासून, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. माऊस 800 डीपीआयवर असेल, तर तो एक इंच सरकल्यावर कॉम्प्युटरला 800 ‘काउंट’, म्हणजे हालचालीच्या 800 नोंदी, पाठवतो. प्रत्येक काउंटला गेममधला कॅमेरा, म्हणजे तुमची नजर, किती अंशांनी वळवायचा, हे गेम ठरवतो. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी 1 असताना एका काउंटला 0.07 अंश, काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या गेममध्ये 0.022 अंश. म्हणजे तुमचा नेम किती वेगाने फिरणार, हे डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी यांच्या गुणाकारावर ठरतं. नुसत्या डीपीआयच्या आकड्याला अर्थ नाही.

आता व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी 1 ठेवून डीपीआय 26,000 करा. माऊस अवघा पाच मिलिमीटर सरकला की तुमचा खेळाडू स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेईल. मनगटाच्या साध्या थरथरीनेही क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधोमध असलेली नेमाची खूण, भिंतीवरून छतावर जाईल. यावर उत्तर येतं, “मग सेन्स (म्हणजे सेन्सिटिव्हिटी) कमी करायचा.” करा की. 800 डीपीआय आणि 0.35 सेन्स या अगदी सर्वसाधारण जोडीइतका वेग हवा असेल, तर 26,000 वर सेन्स 0.0108 च्या आसपास आणावा लागेल. एवढं करून तुम्ही 800 वर जिथे होतात तिथेच परत आलात, फक्त खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचे पैसे जास्त गेले.

“पण जास्त डीपीआयवर हालचाल जास्त बारीक होते ना? कमी डीपीआयवर पिक्सेल सुटतात.” हा आक्षेप ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याचा हिशेबच मांडतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये सिंपल या नावाने खेळणारा युक्रेनचा ओलेक्सांद्र कोस्तिलेव्ह याची सेटिंग वर्षानुवर्षं 400 डीपीआय आणि 3.09 सेन्स अशी राहिली. त्याचा एक काउंट म्हणजे 0.022 गुणिले 3.09, साधारण 0.068 अंश. 1920 पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर, 16:9 मध्ये, मधोमध असलेला एक पिक्सेल सुमारे 0.08 अंशांचा असतो. म्हणजे 400 डीपीआयवरही त्याच्या माऊसचं सगळ्यात लहान पाऊल एका पिक्सेलपेक्षा छोटं आहे. पिक्सेल सुटण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या काळातल्या सर्वोत्तम नेमबाजांपैकी एक 400 वर खेळतो, आणि तुम्हाला 26,000 विकला जातो.

तरी या दाव्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. 400 डीपीआयवर पहिला काउंट जाण्यासाठी माऊस 0.064 मिलिमीटर हलावा लागतो. 1600 वर 0.016 मिलिमीटर पुरतो. अगदी हळू सुरू होणारी हालचाल त्यामुळे जास्त डीपीआयवर किंचित आधी नोंदली जाते. 4के मॉनिटर असेल तर डेस्कटॉपवर कर्सर इकडून तिकडे न्यायलाही 1600 सोयीचा पडतो. म्हणून 800 किंवा 1600 निवडा आणि त्या मानाने सेन्स कमी करा. त्यापुढे मात्र फायदा हाताला जाणवत नाही, उलट माऊसच्या पोटातल्या, हालचाल टिपणाऱ्या काही सेन्सरमध्ये तोटा सुरू होतो. पिक्सआर्ट कंपनीचा 3360 हा गाजलेला सेन्सर साधारण 2000 च्या पुढे हालचालीवर स्मूदिंग लावतो, म्हणजे नोंदी सरासरी काढून गुळगुळीत करतो, आणि त्यात थोडा उशीर होतो. पाचशे-सहाशे रुपयांच्या काही माऊसवर छापलेला मोठा डीपीआय तर सेन्सरचा स्वतःचा नसतोच. आहे तोच काउंट दुप्पट-चौपट करून पाठवलेला असतो. त्यात नवा तपशील काहीच येत नाही, फक्त उडी मोठी होते.

पोलिंग रेटबद्दल थोडक्यात. 125 हर्ट्झवर माऊस दर 8 मिलिसेकंदांनी माहिती पाठवतो, 1000 वर दर 1 मिलिसेकंदाने, 8000 वर दर 0.125 मिलिसेकंदाने. 125 वरून 1000 वर गेलात तर 7 मिलिसेकंदांपर्यंत वाचतात आणि ते घ्यावेतच. 1000 वरून 8000 वर जाऊन वाचतात एकापेक्षाही कमी. 60 हर्ट्झचा मॉनिटर दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, तिथे हा फरक पार बुडून जातो. शिवाय 8000 वर प्रोसेसरवर भार येतो, साधारण ताकदीच्या पीसीवर काही गेम अडखळतात, आणि वायरलेस माऊसची बॅटरी भराभर उतरते. तुमच्याकडे 60 हर्ट्झचा मॉनिटर असेल तर ते जास्तीचे पैसे 144 हर्ट्झच्या मॉनिटरसाठी बाजूला ठेवा. तो फरक पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसेल.

वायरलेसविषयीची भीती जुनी आहे. ब्लूटूथवर नेमबाजीचे गेम खेळू नयेत, हे खरं. पण गेमिंग माऊससोबत येणाऱ्या 2.4 गिगाहर्ट्झच्या डाँगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर, आज जगातल्या बड्या स्पर्धा खेळल्या जातात. डाँगल पीसीच्या मागे, राऊटरजवळ न लावता एक्स्टेन्शन केबलने पॅडशेजारी आणला की बहुतेक तक्रारी मिटतात.

माझा खरा राग आहे तो “प्रोची (व्यावसायिक खेळाडूची) सेटिंग जशीच्या तशी उचला” या सल्ल्यावर, कारण त्याने मुलांचे महिनेच्या महिने वाया जातात. 800 डीपीआय आणि 0.35 सेन्सवर व्हॅलोरंटमध्ये पूर्ण गिरकीला जवळपास 47 सेंटीमीटर लागतात, म्हणजे पाठीमागे वळायला 23 सेंटीमीटर. प्रो खेळाडूकडे 45-50 सेंटीमीटर रुंदीचा पॅड असतो, कोपर टेकवायला मोकळं टेबल असतं आणि तो सगळा हात फिरवून नेम धरतो. आपल्याकडे अनेकांच्या टेबलावर लॅपटॉप, वह्या आणि पाण्याची बाटली मांडून उरलेल्या जागेत वीस-बावीस सेंटीमीटरचा पॅड असतो. त्याच सेटिंगवर मागचा शत्रू टिपायला गेलात की वळण पूर्ण होण्याआधी माऊस पॅडवरून खाली उतरतो. इथे सेटिंग चुकीची नाही आणि हातही वाईट नाही. दोघांचं माप जुळत नाही.

स्वतःचं माप असं काढा. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखे बसा, माऊस पॅडच्या मध्यावर ठेवा. खांदा न उचलता, माऊस न उचलता एका बाजूला आरामात किती लांब जाता येतं ते पट्टीने मोजा. समजा 15 सेंटीमीटर आलं. एवढ्या अंतरात 180 अंश वळता आलं पाहिजे, म्हणजे पूर्ण गिरकी 30 सेंटीमीटरची. 800 डीपीआयवर व्हॅलोरंटमध्ये हे 0.54 सेन्सच्या जवळ बसतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये तोच वेग हवा असेल तर या आकड्याला 3.18 ने गुणा. मग सराव मैदानात भिंतीवरची एक खूण धरून डावी-उजवीकडे चालत राहा आणि क्रॉसहेअर खुणेवरच ठेवायचा प्रयत्न करा. सारखा पुढे निघून जात असेल तर सेन्स दहा टक्के कमी करा, मागे राहत असेल तर तेवढाच वाढवा, आणि मग आठवडाभर त्याला हात लावू नका. एक सामना हरला की सेन्स बदलणाऱ्याच्या हाताला काहीच पाठ होत नाही.

मग पैसे घालायचे कशात? आकारात, वजनात आणि पॅडमध्ये. लॉजिटेकचा जी102 सुमारे 117 मिलिमीटर लांब आहे, रेझरचा डेथअॅडर सुमारे 127. पूर्ण तळवा टेकवून धरणाऱ्या मोठ्या हाताला पहिला आखूड पडतो, बोटांच्या टोकांनी धरणाऱ्या छोट्या हाताला दुसरा जड वाटतो. डेथअॅडर इसेन्शियलचा डीपीआय 6,400 वर थांबतो, जी102 चा 8,000 वर. दोन्ही पुरेसे आहेत. शक्य असेल तर दुकानात जाऊन माऊस हातात धरा आणि पाच-सहा वेळा उचलून ठेवा. करंगळी टेबलावर घासत असेल तर तो आकार तुमचा नाही.

आणि नवा माऊस घेण्याआधी जुन्याची एक चाचणी घ्या. पॅडच्या डाव्या टोकाला जाडजूड पुस्तक ठेवा, माऊस त्याला टेकवा, गेममध्ये क्रॉसहेअर भिंतीवरच्या एका खुणेवर आणा. आता माऊस सावकाश उजवीकडे न्या आणि झटक्यात परत पुस्तकाला टेकवा. क्रॉसहेअर जवळजवळ त्याच खुणेवर आला पाहिजे. दर वेळी भलतीकडेच जात असेल तर आधी विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. नाव अचूकतेचं असलं तरी हाताच्या वेगानुसार कर्सरचं अंतर बदलणं हेच त्याचं काम आहे. काउंटर-स्ट्राइक 2 आणि व्हॅलोरंट माऊसची माहिती थेट घेत असल्याने त्यांच्यावर याचा परिणाम होत नाही, पण जुन्या गेममध्ये होतो. ते बंद करूनही खूण चुकत असेल, तर झटक्याचा वेग सेन्सरला झेपत नाही. तेव्हा मात्र नवा माऊस घ्या. दीड-दोन हजारांत चांगला मिळतो.