पांढऱ्या केसांचं काय?

‘टॅटू आणि रंगवलेले केस म्हणजे नव्या पिढीला कामाचं गांभीर्य नाही’ हे कामाच्या ठिकाणच्या राहणीवर वाचलेल्या एका लेखातलं मत अजिबात पटलं नाही. इन्फोसिसने २०१५ मध्येच आठवडाभर स्मार्ट कॅज्युअल (साधे पण नीटनेटके) कपडे चालतील असं ठरवलं. व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमान कंपनीने २०२२ मध्ये केबिन क्रूला टॅटू न झाकण्याची मुभा दिली.

आणि दुसरी बाजू लेखात आलीच नाही. पन्नाशीतली माणसं मुलाखतीआधी केस काळे करून घेतात, कारण पांढरे केस दिसले की ‘यांना नवं सॉफ्टवेअर झेपेल का’ ही शंका आधी येते. बायकांना तर दोन्ही वयांत ऐकावं लागतं, आधी लिपस्टिकवरून, मग पांढऱ्या बटांवरून. हे फार अन्यायाचं आहे.

मशीनवर काम करताना मोकळे केस, सैल ओढणी नको, हा नियम मात्र सुरक्षेचा. तो सगळ्यांनी पाळावा.