अमेरिकेनं सरळ बंदुका उचलल्या म्हणे

९ ऑगस्टला, क्रांतिदिनाला, आमच्या घरच्या ग्रुपवर नेहमीची भांडणं सुरू झाली. गांधी की क्रांतिकारक, मवाळ की जहाल, हे आमच्याकडे दरवर्षी होतंच. यावेळी थोरल्या चुलतभावानं, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, लिहिलं की अर्ज आणि ठराव करून जगात कुणाला स्वातंत्र्य मिळालेलं नाही, अमेरिकेनं बघा, सरळ बंदुका उचलल्या आणि इंग्रजांना हाकललं. खाली पंधरा अंगठे. मग कुणीतरी गावातल्या खडी क्रशरचा आणि त्यासाठी ग्रामसभेचा विषय काढला, त्यावर दादाचं उत्तर, ठरावाला कुत्रं विचारत नाही.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, वूस्टरच्या शेजारच्या गावात. दादाला मी तिथंच उत्तर दिलं तर म्हणाला, तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नको. आता अमेरिकेचा दाखला त्यानं दिला, मी नाही. आणि जिथला दाखला दिला तिथूनच मी रोज रूट नाइननं ऑफिसला जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी लेक्सिंग्टनला सुटली १९ एप्रिल १७७५ ला. पण बॉस्टन शहर सोडलं तर या वसाहतीतलं इंग्रजांचं राज्य त्याच्या सात-आठ महिने आधीच संपलेलं होतं आणि ते संपवलं गावांनी, ठराव करून आणि ठराव पाळून. १७७४ साली पार्लमेंटनं कायदा आणला की वसाहतीचं कौन्सिल आता राजा नेमणार, न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, आणि गावाची टाऊन मीटिंग वर्षातून एकदाच, त्याहून जास्त घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी. म्हणजे ज्या सभेत रस्ता, शाळा, कर सगळं ठरायचं तिचाच गळा धरला. बॉस्टनवाल्यांनी काय केलं, नवी सभा बोलावलीच नाही, जुनीच तहकूब करत करत चालू ठेवली, आणि गव्हर्नर गेजला सांगितलं की आम्ही सभा बोलावलेली नाही. आपल्याकडचा कसलेला सरपंच असता तर त्यानंही हेच केलं असतं.

वूस्टरचं तर इथल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. ६ सप्टेंबर १७७४, नव्या कायद्याखाली कोर्ट उघडायचा दिवस. आजूबाजूच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसं आली, गावागावाची तुकडी करून, आणि कोर्टाची इमारत अडवून उभी राहिली. न्यायाधीश आत जाऊच शकले नाहीत. मग मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना लोकांनी रांगा केल्या आणि त्या न्यायाधीशांना, वकिलांना हातात टोपी घेऊन मधून चालायला लावलं, या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही हे प्रत्येक तुकडीसमोर पुन्हा पुन्हा, तीसेक वेळा म्हणायला लावलं. एक गोळी झाडली नाही. पुढच्या महिन्यात, ४ ऑक्टोबरला, वूस्टरच्या टाऊन मीटिंगनं आपला प्रतिनिधी टिमथी बिगेलो, धंद्यानं लोहार, याला लेखी सूचना दिल्या की जुनी राज्यघटना मोडली असं धरा आणि राखेतून नवी उभी करा. फिलाडेल्फियाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच्यानंतर पावणेदोन वर्षांनी आलाय.

वूस्टरचं कोर्ट अडवलं त्याच आठवड्यात, ९ सप्टेंबरला, मिल्टनमध्ये सफोक काउंटीचे, म्हणजे बॉस्टनच्या जिल्ह्याचे, ठराव झाले. जोसेफ वॉरन या डॉक्टरनं मसुदा केला आणि पॉल रिव्हिअर घोड्यावरून तो फिलाडेल्फियाला घेऊन गेला. १७ तारखेला तिथं भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसनं पाठिंबा दिला. एकूण १९ ठराव आहेत, आणि मवाळ-जहालवाल्यांनी ते बसून वाचावेत असं मला मनापासून वाटतं. पहिल्याच ठरावात तिसरा जॉर्ज आमचा हक्काचा राजा आहे असं लिहिलंय, अगदी आनंदानं मान्य करून. आणि पुढं जाऊन त्याच कागदात म्हटलंय की हे कायदे पाळायचे नाहीत, वसूल केलेला कर सरकारी खजिन्यात भरायचा नाही, इंग्लंडचा माल घ्यायचा नाही, आणि आठवड्यातून एकदा हत्यारासह कवायत करायची. अर्ज आणि बंदूक एकाच कागदावर, एकाच हातानं लिहिलेलं. आपण गोखले आणि टिळकांना शंभर वर्षं समोरासमोर उभं करून भांडवतोय आणि इथं त्यांची वाटणीच केलेली नाही. दादा, बंदुका उचलल्याच, नाही कोण म्हणतं, पण उचलायची कुणी, कुणाच्या सांगण्यावरून आणि दारूगोळ्याचे पैसे कुठून, हे सगळं आधी गावच्या सभेत ठरलेलं होतं.

स्वातंत्र्य पहिलं कुणी जाहीर केलं यावरून इथंही भांडणं आहेतच. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला माझी मैत्रीण राहते, तिच्याकडं ठामपणे सांगतात की मेक्लेनबर्ग काउंटीनं २० मे १७७५ लाच स्वातंत्र्य जाहीर केलं. मूळ कागद जळाला, मजकूर छापून आला १८१९ साली, जेफरसननं तो खोटा ठरवला, पण नॉर्थ कॅरोलायनाच्या झेंड्यावर ती तारीख अजून आहे. त्याच काउंटीचे ३१ मेचे ठराव मात्र खरे आहेत आणि तेही कमी नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त शेफील्डचं लागून राहिलंय. मॅसॅच्युसेट्समधल्याच बर्कशरचं छोटं गाव, जानेवारी १७७३, कर्नल जॉन ॲशलीच्या घरी मसुदा तयार झाला की सगळी माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत. त्याच घरात बेट नावाची गुलाम बाई राबत होती. १७८१ मध्ये तिनं ॲशलीविरुद्ध कोर्टात केस केली, वकील थिओडोर सेजविक, जो स्वतः तो मसुदा करणाऱ्यांत होता. ती जिंकली, ३० शिलिंग भरपाई मिळाली, आणि मग एलिझाबेथ फ्रीमन या नावानं जगली. ठराव लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती नव्हतीच, तिनं आपला हक्क स्वतः येऊन घेतला. म्हणून ठराव करावेत, लिहून ठेवावेत. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगावं लागलं की हेरवाडसारखं करा. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण आहे, दादा.

आणि आपल्या घरातलंच घे. आपलं वाळवा तालुक्यातलं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. प्रति सरकार म्हटलं की ग्रुपवर फक्त पत्र्या मारल्याच्या, म्हणजे तळपायावर मारून शिक्षा दिल्याच्या गोष्टी येतात, पण नाना पाटलांचं सरकार १९४३ पासून टिकलं ते गावोगावच्या न्यायदान मंडळांमुळं, लोक इंग्रजांच्या कोर्टात जायचे थांबले म्हणून. आपल्या आजीचं लग्न गांधी पद्धतीनं लागलं, कमी खर्चात, ते काय बंदुकीनं लागलं का? वूस्टरच्या मेन स्ट्रीटवरून जाताना मला प्रति सरकारचं कुंडल आठवतं, आणि हे मी इथल्या कुणाला सांगू शकत नाही, सांगायला सुरुवात केली की पाच मिनिटांत नाना पाटील कोण इथपासून सुरू करावं लागतं.

इथल्या टाऊन मीटिंगला मी जाते. शाळेच्या ओव्हरराइडवर, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त कर लावायच्या प्रस्तावावर, रात्री अकरापर्यंत वाद चालतो, म्हातारी माणसं हातात वॉरंट, म्हणजे सभेची विषयपत्रिका, घेऊन एकेक आकडा विचारतात, मॉडरेटर सगळ्यांना शिस्तीत बोलू देतो. हे बघून आपल्याकडं कोरमअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा आठवतात आणि राग येतो, तो लपवत नाही. पण मी बसते ती बाजूच्या, मत नसलेल्यांच्या खुर्च्यांत. प्रॉपर्टी टॅक्स भरते, पोरं इथल्याच शाळेत आहेत, ग्रीन कार्डची रांग काही सरकत नाही, आणि मतदानाची हिरवी कार्डं वर जातात तेव्हा माझे हात मांडीवर असतात. आपल्या गावच्या मतदार यादीत नाव आहे म्हणे अजून, पण तिथं जाऊन हात वर करायला मी नसते. दोन्हीकडच्या सभेत मी नुसती ऐकणारी. दादा म्हणतो तिकडं बसून बोलू नको, तेव्हा ते इतकं का लागतं याचं कारण हेच आहे.

तुम्हाला मात्र हात वर करता येतो. घरापासून देवळापर्यंतच्या अंतरावर सभा असते आणि कुणी जात नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. दादा, तू जा, वहिनीला आणि काकूला पण ने, क्रशरचा विषय मांड, ठराव प्रोसिडिंग बुकात नीट लिहिला जातोय का ते शेजारी उभं राहून बघ, आणि त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाक.