‘दोन फटके द्या, पोरगं सरळ येतं’ : त्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा : एडीएचडी (मुलाला लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं, अशी मेंदूच्या वाढीतली अडचण) हे खूळ औषध कंपन्यांनी काढलंय, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. साखर आणि मोबाइल बंद करा, दोन फटके द्या, पोरगं सरळ येतं. गोळ्या सुरू केल्या तर मूल जन्मभर त्यातच अडकतं. माझ्या दुसरीतल्या मुलाला एडीएचडी आहे. हा मेसेज वाचून कुणी आपल्या लेकराला डॉक्टरकडे न्यायचं थांबू नये, म्हणून हे लिहितेय.

आमच्या वेळी नव्हतं? लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ सालीच आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं होतं. बुद्धी चांगली, पण लक्ष टिकत नाही, स्वतःला आवरता येत नाही. आपल्याकडे अशी पोरं वांड म्हणून मार खात राहिली, नापास होत शाळेतून गळाली आणि कुठेतरी कामाला लागली. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही, एवढंच.

साखरेचं म्हणाल तर तिचा मुलांच्या वागण्यावर परिणाम होतो का, हे अनेक चाचण्यांत तपासून झालंय. १९९५ साली त्या सगळ्या एकत्र अभ्यासल्या, तेव्हा परिणाम आढळला नाही. मोबाइल कमी करावाच, झोपेसाठी तरी. पण एडीएचडीमागे मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो.

‘आवडीचं काम असलं की बरा बसतो, मग अभ्यासालाच काय होतं? लाडावलाय.’ मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण अर्धं खरं आहे. दिराच्या कारखान्यात टॉवेलच्या मागासमोर माझा मुलगा धोट्याची ये-जा बघत कितीही वेळ उभा राहतो. वर्गात मात्र फळ्यावरच्या पाच ओळींतल्या दोन वहीत उतरतात आणि तिसरी ‘सिद्धेश्वर तला’ इथेच तुटते. पुढचा ‘व’ त्याला येत नाही असं नाही. तेवढ्यात खिडकीबाहेर रिक्षा वाजलेली असते. समोर हलतं, वाजतं, नवं काही असलं की लक्ष आपोआप लागतं. कंटाळवाण्या कामाला ते मुद्दाम लावावं लागतं, आणि या मुलांना तेच जड जातं. मेंदूचे काही भाग त्यांच्यात सरासरी तीनेक वर्षं उशिरा पक्व होतात, असं २००७ सालच्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे सात वर्षांच्या पोराकडून आपण त्याच्या आवाक्याबाहेरचं मागत असतो. डॉक्टरही एका तक्रारीवरून निदान करत नाहीत. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी लागतात.

फटक्यांबद्दल : शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बेकायदा आहे. आणि मारून लक्ष टिकत नाही, शाळेची धास्ती तेवढी बसते. आमच्या बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं. एका वेळी एकच सूचना देतात, थोडं लिहून झालं की वह्या वाटायला उठवतात आणि नीट झालेलं लगेच बोलून दाखवतात. आता चौथी ओळही वहीत येते.

गोळ्यांची भीती मला समजते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी आईवडिलांनाच वागणुकीचं प्रशिक्षण द्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. त्यानंतर गरज असेल तरच औषध. एडीएचडीसाठी देतात त्या मिथाइलफेनिडेट या औषधाच्या साध्या गोळीचा असर काही तासांत उतरतो. भूक मंदावते, कधी झोप लांबते, म्हणून डॉक्टर वजन, उंची, रक्तदाब बघत राहतात. आम्ही गोळीआधी सकाळी पोटभर खाऊ घालतो. डबा बहुतेकदा तसाच परत येतो आणि रात्री शेंगाचटणी-भाकरीवर तो ताव मारतो. गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही, आणि लागली तरी जन्मभर चालेल असंही नाही. किती दिवस, हे डॉक्टर वेळोवेळी तपासून ठरवतात.

ज्यांना शंका आहे त्यांनी सिव्हिलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवावं. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, त्यांनाही विचारा. जाताना मुलाच्या वह्या आणि वर्गात काय दिसतं ते बाईंकडून एका कागदावर लिहून न्या. डॉक्टर ते विचारतातच.