घरभाडं कमी म्हणून पगार कमी? हिशोब मांडून पाहू

रिमोट म्हणजे ऑफिसात न जाता कुठूनही करायच्या कामाचा विषय निघाला की एक पोस्ट हमखास फिरू लागते. शब्द बदलतात, आशय तोच: ‘पगार शेवटी राहण्याचा खर्च भागवण्यासाठी असतो. महागड्या शहरातून स्वस्त शहरात गेलात की खर्च घटतो. मग त्याच प्रमाणात पगार घटला तर बिघडलं कुठे? राहणीमान तर तेच राहतं. आणि सगळ्यांना सारखा पगार देत बसली तर कंपनी बुडेल.’ ऐकायला समंजस वाटतं, त्यामुळे खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागते. एकेक वाक्य हातात घेऊन बघू या.

‘पगार खर्चावर ठरतो’

ठरत नाही. एकाच शहरात, एकाच टीममध्ये दोघं जण आहेत. एकाला वडिलोपार्जित घर, भाड्याची चिंता नाही. दुसऱ्याच्या पदरी तीन मुलं, आजारी आईवडील आणि डोक्यावर कर्ज. पगार खर्चावर ठरत असता तर पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळाला असता. कुठली कंपनी असं करते? पगार ठरतो तो बाजारभावाने. हा माणूस आपण घेतला नाही तर दुसरा मालक त्याला किती देईल, एवढाच तिथे प्रश्न असतो.

महागडी शहरं आणि मोठे पगार जोडीने दिसतात, म्हणून गल्लत होते. बऱ्याचदा गाडी उलट्या दिशेने गेलेली असते: कंपन्या एका जागी गोळा झाल्या, माणसांसाठी चढाओढ लागली, पगार वाढले आणि त्या पगारांच्या मागोमाग भाडी वाढली. जिथे पर्यटकांमुळे भाडी गगनाला भिडलेली असतात पण मोठे मालक नसतात, तिथे पगार काही वर जात नाहीत. हॉटेलात राबणाऱ्याला विचारा.

गंमत म्हणजे कंपन्या स्वतः हे लपवतही नाहीत. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी सुरुवातीपासून रिमोट. तिच्या जाहीर नियमावलीत पगाराला ठिकाणाचा गुणक लावला जातो, पण हा गुणक स्थानिक बाजारभावाचा आहे, राहणीखर्चाचा नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचंही तेच. १९९० च्या कायद्याने तिथल्या कर्मचाऱ्यांना शहरानुसार वेगळा वाढीव पगार मिळू लागला, पण तो ठरतो त्या भागात केंद्र सरकारबाहेरचे मालक तशाच कामाला किती देतात यावरून. खरोखर महागाईशी जोडलेला भत्ता हवाई आणि अलास्कासाठी १९४८ पासून वेगळा होता. २००९ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने कमी करत त्याच्या जागी हा बाजारभावाचा पगार आणायला सुरुवात झाली. म्हणजे मालक ‘बाजारभाव’ म्हणतो आहे आणि आपणच त्याच्या वतीने ‘महागाई, महागाई’ म्हणून वकिली करतो आहोत. फीसुद्धा न घेता.

‘खर्च घटतो म्हणून कपात होते’

ऑगस्ट २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने गूगलच्या पगार-गणकयंत्राची बातमी दिली. कर्मचाऱ्याने आपलं ठिकाण टाकायचं, रिमोट झाल्यास पगार किती होईल ते समोर येतं. त्यातलं स्टॅमफर्डचं उदाहरण नीट वाचण्यासारखं आहे. हे गाव न्यूयॉर्कपासून रेल्वेने तासाभरावर. तिथून न्यूयॉर्कच्या ऑफिसात जाणाऱ्या कर्मचाऱ्याने घरून काम करायचं ठरवलं, तर पगार १५ टक्क्यांनी कमी. त्याच ऑफिसातला, पण न्यूयॉर्क शहरात राहणारा सहकारी घरून काम करू लागला, तर कपात शून्य.

आता बघा, स्टॅमफर्डवाल्याच्या आयुष्यात बदललं काय? घर तेच, भाडं तेच, दुकानदार तोच. काल ऑफिसात बसत होता तेव्हा पूर्ण पगार, आज त्याच घरातल्या टेबलावर बसला तर १५ टक्के वजा. खर्चात फरक पडला तो रेल्वेच्या पासाचा, आणि तो पास काही पगाराच्या १५ टक्के नसतो. राहणीखर्चाचा युक्तिवाद इथेच संपतो. गूगलचं म्हणणं होतं की पगार पूर्वीपासून ठिकाणानुसारच ठरतो आणि कर्मचारी जिथून काम करतो तिथल्या बाजारातला वरचा भाव आम्ही देतो. प्रामाणिक उत्तर आहे. पटो न पटो, त्यात घरभाड्याचा उल्लेख नाही.

‘त्याच प्रमाणात कमी झाला तर राहणीमान तेच राहतं’

पोस्टमधलं हे सगळ्यात गोंडस वाक्य, आणि गणितात सगळ्यात कच्चं. सोपे आकडे घेऊ, कर बाजूला ठेवू. पगार १००. त्यातले ३० भाड्याला, २० स्थानिक सेवांना, २० अशा गोष्टींना ज्यांचा भाव कुठेही जवळपास सारखाच (लॅपटॉप, फोन, विमानाचं तिकीट, सॉफ्टवेअरची वर्गणी), आणि ३० शिल्लक.

आता स्वस्त शहर. भाडं निम्म्यावर, १५. स्थानिक सेवा २० च्या १५. लॅपटॉप-विमान २० चे २०. एकूण खर्च ७० वरून ५० वर आला, म्हणजे साधारण २९ टक्के घट. एचआरने तोच टक्का पगाराला लावला, पगार ७१. खर्च ५० वजा जाता शिल्लक राहिली २१. आधी ३० होती.

राहणं तसंच, पण बचत जवळजवळ एक तृतीयांशाने कापली गेली. कारण टक्का काढला खर्चावरून आणि लावला संपूर्ण पगाराला. खर्चातली बचत होती २०. कपात तेवढीच असती तर माणूस होता तिथेच राहिला असता. त्यावर एक रुपयाही कापला तर तो त्याच्या खिशातून गेला. आणि ही शिल्लक काही स्वस्त शहरातच खर्च व्हायची नसते. म्हातारपण, मुलांचं परदेशी शिक्षण, उद्या परत महागड्या शहरात घर घ्यायची वेळ, यातल्या कशालाच स्वस्त शहराचा भाव लागत नाही. ज्याची शिल्लक मुळातच मोठी, त्याला हा टक्का जास्त झोंबतो.

बरं, तो टक्का येतो कुठून? मर्सर या सल्लागार कंपनीचं शहरवार सर्वेक्षण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशी पाठवलेल्या माणसांचे भत्ते ठरवण्यासाठी होतं. त्यातली खरेदीची यादी अशा परदेशस्थ कुटुंबाची असते, स्थानिक माणसाची नव्हे. नंबिओ या संकेतस्थळावर लोक स्वतः आपल्या शहरातले भाव भरतात. तिथे भाडं वगळून एक निर्देशांक मिळतो आणि भाड्याचा वेगळा मिळतो. कुठला उचलला यावर कपात कुठल्या कुठे जाते. शिवाय ‘शहराची सरासरी’ म्हणजे कुठल्या घराची सरासरी, हे कोणी विचारत नाही.

‘सारखा पगार दिला तर कंपनी बुडेल’

थर्टीसेव्हन सिग्नल्स ही सॉफ्टवेअर कंपनी, माणूस कुठेही असो, सॅन फ्रान्सिस्कोच्या भावाने पगार देते. रेडिटने ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेपुरती ठिकाणानुसारची पगारश्रेणी काढून टाकली. एअरबीएनबीने एप्रिल २०२२ मध्ये देशांतर्गत पगार एकच केला (देशादेशांतला फरक मात्र ठेवला). तिन्ही कंपन्या सुरू आहेत. दुसरीकडे स्ट्राइप या कंपनीने २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क किंवा सिअॅटल सोडणाऱ्याला एकरकमी २०,००० डॉलर देऊ केले आणि पगारात १० टक्क्यांपर्यंत कपात ठेवली. याला उघड सौदा म्हणतात. भाड्यांतला फरक १० टक्क्यांपेक्षा किती मोठा असतो, हे त्या शहरांत राहिलेल्याला सांगायला नको.

पोस्टच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळीकडे एकच पगार झाला, तर स्वस्त शहरातल्या माणसाकडे घासाघिशीसाठी असलेलं ‘मी स्वस्त पडतो’ हे हत्यार जातं, आणि महागड्या शहरातला नवखा उमेदवार भाडं भरताना मेटाकुटीला येतो. हा पेच खरा आहे. पण तो सौद्याचा पेच आहे, न्यायाचा नाही. कामाला कुठूनही माणूस चालतो असं म्हटल्यावर ‘स्थानिक बाजार’ नेमका कुठला, हे दोन्ही बाजूंनी उघडं राहतं. तुमच्या गावात दुसरा मालक नसेल, पण दुसरी रिमोट कंपनी आता असते.

राहिला प्रश्न दिशेचा, म्हणजे हे सूत्र पगार फक्त खालीच नेतं की वरही. २०२० आणि २०२१ मध्ये बाहेरून आलेल्या लोकांमुळे अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉइझीसारख्या शहरांत घरांच्या किमती झपाट्याने चढल्या. पगार महागाईला बांधलेला असेल, तर तिथे आधीपासून राहणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार त्याच सूत्राने वर जायला हवा होता. तेव्हा कपातीचं पत्र आलं तर लेखी विचारावं: निर्देशांक कुठला, तो पगाराच्या किती हिश्शाला लावला, आणि पुढच्या वर्षी इथली भाडी वाढली तर आकडा आपोआप वर जाणार का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर घरभाड्याची भाषा तिथेच थांबवावी आणि दुसरी कंपनी काय देते ते सांगून भावाचं बोलणं सुरू करावं.