एकच काता वर्षानुवर्षं? हो, आणि का ते सांगतो

दादा, तुम्ही एवढी मोठी कमेंट टाकलीत म्हणून उत्तरही जरा मोठंच देतोय. तुमचं म्हणणं असं की आमच्या सरांनी चाळीस वर्षं नाशकात कराटे शिकवलं पण एक नॅशनल मेडलिस्ट घडवला नाही, तेच तेच काता (म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींचे क्रम) घोटून घेतले जे खऱ्या मारामारीत चालत नाहीत, आणि सरांवरचा माझा लेख म्हणजे नुसती गुरुभक्ती.

भक्ती म्हणा, माझी काही हरकत नाही. पण मास्तरकी मेडलवर मोजायची हे मला अजिबात पटत नाही.

आधी कात्याचं बोलू. शोतोकान या कराटे शैलीचे जनक फुनाकोशी, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की तेक्की नावाचे तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. तीन काता, दहा वर्षं! आणि इकडे पालक तिसऱ्या महिन्यात विचारतात पुढचा बेल्ट कधी. सर सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर हेइआन शोदान हा सुरुवातीचा काता घेतात तेव्हा एकदा येऊन बघा. मुलगा झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून आणि मागचा पाय ताणून, पुढे जातो, पंच मारतो, आणि मागच्या पायाची टाच हळूच उचलली जाते. सर खाली बसतात, टाच हाताने दाबून धरतात, म्हणतात, "आता मार." मग मुलाला कळतं की जोर खांद्यातून येत नाही, जमिनीतून कंबरेत आणि कंबरेतून मुठीत येतो. हे समजायला कुणाला महिना लागतो, कुणाला दोन वर्षं, आणि सर तोवर पुढचं काही शिकवत नाहीत म्हणजे नाहीतच.

मारामारीचं म्हणाल तर नुसत्या कात्याने कुणी फायटर होत नाही हे खरंय आणि सरही तेच सांगतात, म्हणून तर पाया पक्का झालेल्यांना ते जोडीने कुमिते, म्हणजे समोरासमोर लढत, करायला लावतात, अंतर आणि टायमिंग समोर माणूस असल्याशिवाय कळतच नाही. पण भांडणातून आधी निघून जायचं, हाही त्यांच्या शिकवणीचाच भाग आहे. कराटेत पहिला वार आपला नसतो, हे फुनाकोशींचंच सूत्र.

तुम्ही लिहिलंत की एवढं करून माणूस अंबडच्या कंपनीतच राबत राहिला. हो राहिला, शिफ्ट सांभाळून शिकवलं, कारण क्लासवरच घर चालवायचं तर बेल्ट विकावे लागतात आणि ते त्यांना करायचं नव्हतं. फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला गेले तेव्हा पन्नाशी उलटली होती, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचे, झाडलोट करायचे, बाग बघायचे आणि शिकवायचे. त्यांचं आयुष्य वाया गेलं असं तुम्ही म्हणाल का?

आणि स्पर्धेला सरांचा विरोध आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? टोकियो ऑलिम्पिकमध्ये कात्याचं गोल्ड सान्द्रा सांचेझने वयाच्या 39व्या वर्षी घेतलं, ती फायनल सरांनी आम्हाला मोबाईलवर थांबवून थांबवून दाखवली होती, तिचे पाय बघा म्हणून. ज्या मुलींना खरंच स्पर्धेत उतरायचं होतं त्यांना सरांनी स्वतः गंगापूर रोडच्या एका स्पोर्ट्स कोचकडे नेऊन सोडलं, तिथे मॅट आहे, स्कोअरिंगची प्रॅक्टिस होते, आपल्याकडे नाही म्हणाले. त्यातली एक पुढे स्टेट खेळली. सर्टिफिकेटवर नाव त्या कोचचं आहे आणि सरांना त्याचं काहीच वाटत नाही.