काळांचा तक्ता नंतर, आधी शब्दांच्या जागा

इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्याच्या हातात आपण सगळ्यात आधी बारा काळांचा तक्ता देतो. तो बिचारा पाठ करतो. 'हॅव बीन गोइंग' कधी आणि 'हॅड बीन गोइंग' कधी, हे परीक्षेत बरोबर लिहितोही. मग त्याला चार ओळींचा अर्ज लिहायला सांगा, पेन अडतं. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. क्रियापदाची रूपं आपण शिकवली, पण वाक्यात कोण कुठे बसतं हे कुणी नीट सांगितलंच नाही.

मराठीत कोणी कोणाला काय केलं, हे प्रत्यय सांगतो. 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा, 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा, नाहीतर रागात 'चावला ना कुत्रा माणसाला!' म्हणा. जोर बदलतो, चावणारा बदलत नाही, कारण 'ला' आपल्या जागी पक्का आहे. इंग्रजीत 'द डॉग बिट द मॅन' मधल्या दोन नामांची अदलाबदल केली की माणूसच कुत्र्याला चावतो. तिथे प्रत्ययाचं काम जागा करते.

इंग्रजी कायम अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या. 'द' च्या ठिकाणी तेव्हा जो शब्द होता तोसुद्धा बदलायचा, पुल्लिंगी एकवचनी कर्त्याला 'से' आणि कर्माला 'थोने'. त्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी बरंचसं निभावायचं. पुढे शब्दांच्या शेवटचे उच्चार पुसट होत गेले, विभक्ती झिजल्या आणि क्रम घट्ट झाला. आता 'ही' आणि 'हिम' सारख्या सर्वनामांत त्यांचे अवशेष उरलेत. हे सांगितलं की शिकणाऱ्याला तो क्रम मास्तरांचा हट्ट वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. आपण 'जेवलो' म्हणतो, 'येतेस?' विचारतो, बोलणारा कोण, समोर कोण, हे क्रियापदातूनच कळतं. इंग्रजी क्रियापदात एवढं सामान नसतं, म्हणून कर्ता बोलून दाखवावाच लागतो. दाखवायला कोणी नसेल तरी 'इट इज रेनिंग'. त्या 'इट' ला काही अर्थ नाही, तो फक्त जागा अडवतो. स्पॅनिश बोलणारेसुद्धा सुरुवातीला 'इज रेनिंग' म्हणून जातात, कारण त्यांच्याही भाषेत कर्ता गाळता येतो.

खरी कसोटी मात्र 'मला' ची. 'मला पुस्तक हवंय', 'मला वही हवीय'. क्रियापद इथे पुस्तकाच्या आणि वहीच्या मागे जातं, माणूस 'ला' लावून बाजूला उभा राहतो. 'मला भूक लागली', 'मला ती गोष्ट आठवते', सगळीकडे तेच. इंग्रजी या प्रत्येक ठिकाणी माणसाला कर्ता करते: 'आय वॉन्ट', 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय रिमेंबर'. 'मुलाने वही फाडली' मध्ये 'फाडली' हे रूप वहीमुळे आलं, इंग्रजीत कर्म क्रियापदाला हातही लावू शकत नाही. म्हणजे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायला लावणारा शिक्षक विद्यार्थ्याला थेट खड्ड्याकडे नेतो. मराठी वाक्याचा कर्ता आणि इंग्रजी वाक्याचा कर्ता एकच असेल, ही खात्री कुठेही नाही.

आणि बोलताना अडखळणं? त्याला आपण लगेच 'आत्मविश्वास कमी' म्हणतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. मनात मराठी वाक्य तयार होतं तेव्हा क्रियापद सगळ्यात शेवटी येतं, इंग्रजीत तेच कर्त्याच्या पाठोपाठ लागतं. म्हणजे वाक्य सुरू करून दोन शब्द होईपर्यंत शिकणाऱ्याला आपल्या वाक्याचं शेपूट पकडून पुढे आणायचं असतं. तो घाबरलेला नसतो, शोधत असतो. यावर उपाय धीर देण्याचा नाही, सरावाचा आहे. छोटं पूर्ण वाक्य आधी, मग उजवीकडे भर: 'शी रीड्स'. 'शी रीड्स द लेटर'. 'शी रीड्स द लेटर टू हर मदर'. शेवटी 'एव्हरी इव्हनिंग'. प्रत्येक टप्प्यावर वाक्य पुरं असतं, कुठेही थांबलं तरी चालतं.

प्रश्नांचं थोडक्यात सांगते. आपण शेवटी 'का' लावतो, इंग्रजी सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणते. तेच प्रश्नवाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेलं की क्रम पुन्हा सरळ होतो, म्हणून 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' चूक आणि 'व्हेअर ही इज' बरोबर.

प्रत्येक क्रियापदाला स्वतःच्या जागा असतात, हे कोशात मांडणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांच्याबद्दल आता. हे इंग्रज गृहस्थ १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेले. तिथे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शिकणाऱ्यांसाठी कोश केला. तो १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. त्यात त्यांनी क्रियापदांचे, म्हणजे क्रियापदानंतर काय आणि कसं येतं याचे, २५ साचे केले आणि कुठलं क्रियापद कुठल्या साच्यात बसतं ते दाखवलं. कारण अर्थ कळून भागत नाही. 'टेल मी' चालतं, 'से मी' चालत नाही. 'एक्स्प्लेन मी' चालत नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी' म्हणावं लागतं. 'डिस्कस' ला 'अबाउट' नको असतं, आपण 'विषयावर चर्चा' मधला 'वर' उचलून तिथे चिकटवतो. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत ही माहिती आजही असते. आपण अर्थ बघतो आणि पान मिटतो.

'लहान मूल कुठे व्याकरण शिकतं, ऐकून ऐकून येतं' असं म्हणणारे भेटतात. मूल दिवसभर, वर्षानुवर्षं ती भाषा ऐकतं. आठवड्यातून चार-पाच तास मिळणाऱ्याला तोच सल्ला देणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. आणि काळ शिकवूच नका, असंही मी म्हणत नाही. 'यस्टरडे आय गो टू द ऑफिस' चूक आहे, पण समोरच्याला कळतं. 'ऑफिस यस्टरडे गो' म्हटलं की कोण गेलं, हा प्रश्न उरतोच. आधी काय दुरुस्त करायचं ते यावरून ठरवा.

शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एवढं करून बघा. शब्दांच्या वहीत 'एक्स्प्लेन म्हणजे समजावणे' एवढंच लिहून घेऊ नका. पुढे 'समथिंग टू समवन' लिहून घ्या, आणि त्याखाली त्या विद्यार्थ्याच्या रोजच्या कामातलं, त्याने स्वतः केलेलं एक वाक्य.