नोकरी द्यायची नाही, पण वाईटही दिसायचं नाही

आधी दिलासा देऊन टाकू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगांसाठी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे, पण ते सरकारी आस्थापनांसाठी, तुमच्यासारख्या खासगी मालकांसाठी नाही. खासगी मालकांनी निदान पाच टक्के दिव्यांग कामावर घ्यावेत म्हणून सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कलम ३५ म्हणतं. तेव्हा काजूचा कारखाना असो, हापूसचं पॅकिंग हाऊस असो की समुद्रकाठचं रिसॉर्ट, प्रोत्साहनाची वाट बघत तुम्ही निवांत बसू शकता.

कलम २१ चं तेवढं बघावं लागेल. वीस किंवा जास्त माणसं कामाला असली की समान संधी धोरण तपशिलात लिहायचं असतं: कोणती कामं दिव्यांगांना देता येतील, सोयी काय करणार, संपर्क अधिकारी कोण. त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. हजेरीपट एकोणिसावर थांबवून बाकीचे ठेकेदाराच्या नावावर दाखवणं हा एक मार्ग आहेच, पण तो आता फार जण वापरतात. त्यापेक्षा इंटरनेटवरून तयार धोरण उतरवा, आधीच्या कंपनीचं नाव खोडा (हे विसरू नका, फार जण विसरतात) आणि कामांच्या यादीत ‘टेलिफोन ऑपरेटर’ लिहा. तुमच्याकडे टेलिफोन ऑपरेटर नाही, त्यामुळे ती जागा कधी रिकामी होणार नाही. धोरण दर्शनी जागी लावायचं असतं. पहिल्या मजल्यावर, मालकाच्या केबिनमध्ये, तुमच्याच दर्शनी लावा.

रॅम्पवर मात्र मन लावून काम करा, कारण फोटो त्याचाच निघतो. चिऱ्याच्या जोत्याला तीन पायऱ्या धरल्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या, तर चढ ४५ सेंटिमीटरचा. एकास बारा उताराने रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब होतो. रुंदी १२० सेंटिमीटर, वर आणि खाली खुर्ची वळवायला दीड-दीड मीटर सपाट जागा, दोन्ही बाजूंना ७६ आणि ९० सेंटिमीटरवर हाताला धरायला दांडे. एवढ्यात दोन गाड्यांचं पार्किंग जातं. गवंड्याला सांगा, दीड मीटरात बसव. तो बसवतो, मोटरसायकल चढवायचा घसारा त्याच्या हातातलाच असतो. एवढ्या उभ्या चढावर खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलून चढत नाही, मागून ढकलणाऱ्याला आवरत नाही, आणि उतरताना माणूस तोंडावर येतो. एकदा आला की परत येत नाही.

वर गुळगुळीत टाइल हवी. खडबडीत कोबा करून ओला असतानाच आडव्या खाचा ओढल्या तर चाकाला पकड मिळते, तो मोह टाळा. छपराच्या पागोळ्या नेमक्या रॅम्पवर पडू द्या. पाऊस लागला की शेवाळ धरतं आणि पार सप्टेंबरपर्यंत कुबडी, काठी, खुर्ची, कोणाचीच भीती राहत नाही. एक पन्हळ लावून पाणी बाजूला काढलं आणि आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर टाकून खराटा मारला तर हे सगळं मुसळ केरात जाईल, म्हणून शिपायाला त्यातलं काही सुचवू नका. पायथ्याशी गटारावर जाळी असेल तर तिच्या सळ्या चालण्याच्या दिशेनेच ठेवा. खुर्चीचं पुढचं छोटं चाक बरोबर फटीत जाऊन बसतं. सळ्या आडव्या आणि जवळजवळ असल्या तर ते सरळ निघून जातं, आणि मग इतका वेळ आपण काय केलं असा प्रश्न पडतो.

यातूनही कोणी वर पोचलंच, तर स्वच्छतागृह आहे. ९० सेंटिमीटरचं बाहेर उघडणारं दार लागतं. तुम्ही ६० चं, आत उघडणारं ठेवा. पाटी मोठी लावा. आत गणपतीचं मखर, फाटकी ताडपत्री आणि फिनेलचे कॅन रचले की खोली सत्कारणी लागते.

जाहिरात द्यायची तर कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाका. अंध माणसाच्या मोबाइलमधला स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो, फोटोतल्या अक्षरांवर तो बहुतेक वेळा गप्प राहतो. अर्जाची फाइल मागितलीच तर युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये द्या. पडद्यावर ‘लेखनिक’ दिसतं आणि कानात भलताच इंग्रजी कचरा पडतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर तो मराठीत वाचून दाखवतं, आणि मग पतसंस्थेची खतावणीसुद्धा अंध माणूस सांभाळू शकतो. कशाला ही भानगड. कर्णबधिरांसाठी वेगळं काही नको, ‘संपर्क फक्त फोनवर’ एवढी ओळ पुरते. मुलाखत सकाळी नऊला ठेवा. गावातून पहिली गाडी किती वाजता सुटते ते एसटीच्या वेळापत्रकात बघा आणि मगच ठरवा.

मुलाखतीत कामाबद्दल अक्षर काढू नका. ‘घरी कोण कोण?’, ‘जन्मापासूनच का?’, ‘लग्नाचं काय?’ हे विचारा. सोबत आई आली असेल तर सगळं तिलाच विचारा, उमेदवार चाळीस वर्षांचा असला तरी.

खरा धोका कामाची नीट फोड केली की सुरू होतो. काजूगराची प्रतवारी घ्या. डब्ल्यू-२४० नावाच्या प्रतीत पौंडाला २२० ते २४० गर बसतात, डब्ल्यू-३२० मध्ये ३०० ते ३२०. काम डोळ्यांचं आणि बोटांचं. कानाचा संबंध कुठे येत नाही, त्यामुळे कर्णबधिर बाई यात तरबेज निघण्याची शक्यता फार. तिला टाळायला ‘भोंगा झाला तर ऐकू येणार नाही’ हे कारण वापरा. भोंग्याच्याच वायरीवर लुकलुकणारा दिवा जोडता येतो का, हे वायरमनला विचारू नका, तो ‘हो’ म्हणेल. घ्यावंच लागलं तर किलोमागे शेजारणीपेक्षा दर कमी लावा आणि ‘अजून शिकतेय’ म्हणत राहा, तीन सीझन झाले तरी. तिला ऐकू येत नाही, पण वजनकाटा दिसतो. तिचा माल शेवटी, सगळ्या गेल्यावर मोजा. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी वेगळं काही करायला नको. प्रतवारी जमिनीवर बसूनच चालू ठेवा. खाली ७० सेंटिमीटर मोकळी जागा असलेलं टेबल आलं की खुर्चीसकट गुडघे आत जातात आणि माणूस दिवसभर काम करतो. वर, पाठ दुखणाऱ्या चार बायका आपल्यालाही टेबल हवं म्हणतील.

हापूसच्या पॅकिंगला बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा आला तर पेंढा घाल, डाग बघ, देठ वर ठेव, पाच डझन भर, झाकण ठोक, हे त्याला एका दमात सांगा आणि चुकला की ओरडा. बारा खळग्यांचा ट्रे करून दिला तर त्याला मोजावं लागत नाही: ट्रे भरला, डझन झालं. भिंतीवर चार चित्रं लावली आणि एका वेळी एकच काम शिकवलं तर महिन्याभरात त्याचा हात इतरांइतका चालू शकतो. मे महिन्यात हे परवडणारं नाही, कारण मग त्याला पगारही इतरांइतकाच द्यावा लागेल.

आंब्याच्या कलमावरून पडून मणका दुखावलेला तुमचाच जुना गडी असेल, तर त्याच्याशी फार प्रेमाने वागा. घरी जा, फळं न्या, ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, त्याला शाल द्या आणि एक चाकाची खुर्चीही, त्याचं घर पन्नास पायऱ्यांच्या पाखाडीखाली असलं तरी. कोणत्या कलमाला कधी मोहोर येतो, कुठे तुडतुडा आधी लागतो, कोणत्या कलमाचे आंबे साक्याचे, म्हणजे आतून खराब, निघतात, हे त्याला तोंडपाठ आहे. बागेची वही आणि फवारणीचं वेळापत्रक तो बसल्या जागी सांभाळेल. ते त्याच्यापाशीच राहू द्या. आपल्याकडे कृषी पदवीधर आहे, त्याला मोबाइलवर हवामान दिसतं.

दिव्यांगांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेची माणसं चिकट असतात. पहिले काही आठवडे आमचा माणूस तुमच्याकडे बसून काम शिकवेल, म्हणतील. तुमच्या कामगारांना अर्ध्या दिवसात कर्णबधिरांच्या भाषेतल्या चार खुणा शिकवतो, म्हणतील. दोन आठवडे चाचणी घ्या, नाही पटलं तर सोडून द्या, असंही म्हणतील. नाही म्हणू नका. गणपती होऊ देत म्हणा. गणपतीनंतर भातकापणी, मग शिमगा, मग आंबा, आणि आंबा संपता संपता पाऊस. तरीही जूनमध्ये ती छत्री घेऊन दारात उभी राहिलीच, तर सरळ चेकबुक काढा आणि पाच हजारांचा चेक फाडा. पावतीवर देणगीच्या आयकर सवलतीचा नंबर आहे ना, तेवढं बघून घ्या.